पॉवर वीडर चोकवर चालतो, चोक काढला की बंद पडतो. परसबागेसाठी लगेच हवाय, काय करू?

बहुधा कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलाय. नवा कार्बोरेटर घेण्याआधी तो साफ करा. पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. चोक लावला की हवा कमी होते, म्हणून अपुऱ्या पेट्रोलवरही इंजिन कसंबसं चालतं. आपल्याकडच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका.

- पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरखालची वाटी काढा (बहुधा 10 नंबरचा पाना).
- जेट काढून कार्ब क्लीनर मारा. भोकात तांब्याच्या तारेचा एकच धागा घाला. टाचणी नकोच, भोक मोठं होऊन इंजिन कायमचं पेट्रोल पिऊ लागतं.
- स्पार्क प्लग घासा, त्याच्या टोकांमधली गॅप 0.7 मिमी ठेवा. एअर फिल्टरही बघा.

हे फोर-स्ट्रोकसाठी. छोट्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागणाऱ्या) यंत्रात सहसा वाटी नसते, पातळ पडदा असतो. तो कडक झाला असेल तर बदलावाच लागतो.

सुरू झालं तरी वाफसा येईपर्यंत थांबा: मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने सहज फुटला पाहिजे. ओल्या काळ्या मातीत वीडर घातलात तर वाळल्यावर नुसती ढेकळं.