गार नूडल्सचा गोळा होतो तेव्हा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी वीगन झाली आहे, म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही, ऐरोलीला लोकलमधून घामाघूम होऊन उतरते आणि रात्री तिला गार, हलकं काहीतरी हवं असतं. व्हिडिओ बघून नूडल्स केल्यात, पण त्यांचा गोळा झाला आणि सॉस पाणचट लागला.

शिजवण्यात तुमचं काही चुकलं नसावं. गोम धुण्यात आहे. शिजलेल्या नूडल्सवर पिष्टाचा चिकट थर असतो. तो निघाला नाही तर गार होताना त्या एकमेकींना धरून बसतात. कृतीत 'नळाखाली धुवा' एवढंच लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री नऊलाही कोमट येतं. मी ठाण्यात शेवटच्या मजल्यावर राहते, माझ्याही पहिल्या तीन खेपा याच पाण्यापायी वाया गेल्या.

आता मी असं करते. दोघींसाठी 150 ग्रॅम गव्हाच्या, बिनअंड्याच्या नूडल्स, पाणी दोन लिटर तरी. पूर्ण शिजवायच्या, कारण गार झाल्यावर त्या आणखी घट्ट होतात. चाळणीत ओतून नळाखाली तांदूळ धुतो तशा हलक्या हाताने चोळायच्या. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं जातं, दुसरं जरा निवळ. बोटांना बुळबुळीत लागेनासं झालं की बर्फ घातलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवायच्या आणि मग चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायच्या. घाई केलीत तर तेच पाणी सॉसमध्ये उतरतं. तेल मात्र चोळू नका, मग सॉस नूडल्सना धरत नाही.

काकडीही पाणी सोडते. खमंग काकडीसाठी चोचवतो तशी चोचवून, मीठ लावून, पंधरा मिनिटांनी पिळून घ्या.

सॉससाठी पाव वाटी दाणे खमंग भाजून, सोलून, तेल सुटेपर्यंत मिक्सरला फिरवा. त्यात दीड चमचा सोया सॉस, एका लिंबाचा रस, लिंबाएवढा नाही, सुपारीएवढा गूळ, किसलेलं आलं, लाल तिखट. मग गार पाणी चमच्याचमच्याने. पहिल्या दोन चमच्यांना मिश्रण आणखीच घट्ट होतं, फुटल्यासारखं दिसतं. घाबरू नका, ढवळत राहा, पाचव्या चमच्याला ते सायीसारखं सैल होतं. नुसता चाखला तर जरा जास्तच खारट-आंबट लागायला हवा. गार अन्नात चव दबते. वरून भाजून ठेचलेले तीळ घाला. आपल्या किराण्यातल्या तीळ तेलाला भाजक्या तिळाच्या तेलाचा वास नसतो, ती उणीव हे तीळ भरून काढतात.

वीगनपणाचं म्हणाल तर पाकिटावरच्या हिरव्या खुणेवर थांबू नका. ती शाकाहाराची खूण, त्यात दूध चालतं; घटकांची यादी वाचा. मध सांगितला असेल तिथे गूळ. आणि जपानी सोबा, म्हणजे उपासाला खातात त्या कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स, त्यांच्या बुडवायच्या सॉसमध्ये बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. किमचीतही, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यातही, पुष्कळदा मासळीचा सॉस किंवा कोळंबी जाते.

तांदळाच्या नूडल्स घेतल्यात तर फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होऊन तुटतात. सॉस आणि काकडी आधी गार करून ठेवा, नूडल्स ती घरी पोचल्यावर भिजवा.

आणि एखाद्या रविवारी, सोऱ्या हाताशी असेल तर, शिरवाळे करा. तांदळाच्या उकडीच्या गरम शेवया, त्यावर नारळाचा दाट रस, गूळ, वेलची. रस गार करून घेतला तर उन्हाळ्यात फार छान लागतो, आणि कोकणातला हा पदार्थ मुळातच वीगन आहे. उकड मात्र गरम असतानाच पाडा, निवली की सोऱ्या फिरत नाही.