इलेक्ट्रिक व्हीलचेअर विमानातून नेता येते का? तिच्या बॅटरीचं काय करायचं?

हो, नेता येते: चेअर सामानकक्षात जाते आणि काढता येणारी लिथियम बॅटरी बहुतेक वेळा सुटी करून तुमच्याजवळ केबिनमध्ये ठेवावी लागते. कारण आगीचं आहे. बॅटरी तापून पेटली तर केबिनमधले कर्मचारी लगेच धावून येऊ शकतात, खाली सामानात ते जमत नाही. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांनुसार अशा काढलेल्या बॅटरीची मर्यादा ३०० वॉट-तास (बॅटरीत किती ऊर्जा साठते त्याचं माप) आहे. चेअर दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६०. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तास म्हणजे २८८, चालेल. जेल बॅटरी (आत द्रवाऐवजी जेल असलेली, न सांडणारी शिसे-आम्ल बॅटरी) सहसा चेअरलाच घट्ट बसवलेली राहू शकते. अंतिम परवानगी मात्र विमान कंपनीची असते, म्हणून निदान ४८ तास आधी बॅटरीचा प्रकार, चेअरचं वजन आणि घडी घातल्यावरची उंची लेखी कळवा. उंची विसरू नका. छोट्या विमानांचं सामानाचं दार बुटकं असतं, मग चेअर आडवी घालतात आणि नेमकी तिथेच मोडतोड होते. जॉयस्टिक आणि बसायची उशी काढून सोबत घ्या. बॅटरीची जोडणी कशी सोडवायची, ब्रेक कसे सोडायचे हे मोठ्या अक्षरांत लिहून कागद चेअरलाच चिकटवा. ती उचलणारे लोक तुम्हाला विचारायला येणार नाहीत.