छाप्याचे पूल

प्रिय,

भिंतीचे फोटो नीट पाहिले. कडा पसरल्यात आणि ‘पाऊस’मधल्या ‘प’चं पोट रंगाने बुजलंय. हात कच्चा आहे असं समजू नकोस. घोळ छापा (स्टेन्सिल) कापतानाच झालाय.

शिरोरेषा सलग कापलीस की प, म, य यांचं पोट सगळीकडून बंद होतं आणि तो तुकडा गळून पडतो. म्हणून प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेषा तोडायची. तिथे न कापता ठेवलेली पट्टी म्हणजेच पूल. क, व, ब यांच्या गाठीला वेगळा पूल लागतो. रोमन अक्षरांचे तयार छापे पाहून हे कळणार नाही. छापा कापण्याआधी पूल कागदावर काढून बघ. अर्ध्या मीटरच्या छाप्याला ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डात ५-६ मिलिमीटरचा पूल हवा. त्याहून बारीक पूल दोन-तीन वापरांत भिजून वाकतो आणि खालून रंग शिरतो. छापा पुन्हा पुन्हा मारायचा असेल तर जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. आधी बारीक तुकडे काप, मोठे शेवटी. नाहीतर शीट लुळी पडते.

स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, भिंतीला काटकोनात, तुटक फवाऱ्यांनी. दोन-तीन पातळ हात, मध्ये थोडा वेळ वाळू दे. एकाच दाट हाताचे ओघळ येणारच. स्पंज वापरलास तर आधी तो रद्दीवर टिपून जवळजवळ कोरडा कर. आणि कापडी मास्क इथे शोभेचा! रसायनांच्या वाफा अडवणारी कार्ट्रिज असलेलाच घे.

भिंतीवर तळहात फिरव. पांढरी भुकटी लागली तर रंग त्या भुकटीलाच धरेल आणि तिच्यासकट सुटेल. खरवडून प्रायमर दे. ओल तपासायला हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेव. आतून थेंब दिसले तर थांब. नव्या गिलाव्याला किमान महिना दे. मालकाची लेखी परवानगी खिशात हवीच. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे. पॅरिसमध्ये १९८१पासून ब्लेक ल रा या चित्रकाराने रस्त्यांवर उंदीर छापले. छाप्यामुळे मिनिटांत काम उरकतं, हा त्याचा फायदा होता. तुझ्याकडे परवानगी आहे, मग घाई कशाला?

मांडणीशिल्पासाठी कापलेली शीटच टांगून भिंतीवर तिची सावली पाडायची तुझी कल्पना मला रंगवलेल्या भिंतीपेक्षा जास्त आवडली. फक्त ट्यूबलाइट काढ. चार फुटी ट्यूब तीन मीटरवर आणि शीट भिंतीपासून फूटभर पुढे असेल, तर ट्यूबच्या लांबीच्या दिशेने सावलीची कड बारा-तेरा सेंटिमीटर धूसर होते. त्याच जागी सेंटिमीटरभर रुंदीचा एकच दिवा लावलास तर ती मिलिमीटरवर येते. दोन दिवे लावलेस की सावल्या दोन, हे विसरू नकोस. पंख्याने शीट हलते. खालच्या कडेला पातळ पट्टीचं वजन दे.

पुढच्या वेळी वापरून झालेल्या छाप्याच्या मागच्या बाजूचाही फोटो पाठव. रंग कुठून शिरला ते तिथे दिसतं.