पहिले साठ फूट आणि तापलेला सुपरचार्जर : वाचकांचे गाडीप्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार, मी मूळचा राजारामपुरीतला, आता सहा वर्षं झाली ह्यूस्टनला नोकरीला आहे. लहानपणापासून पिकअपचा नाद, म्हणून गेल्या वर्षी सेकंडहँड फोर्ड एफ-१५० लाइटनिंग घेतली, २००३ चं मॉडेल, ५.४ लिटर व्ही-एट, कंपनीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. इथल्या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, क्वार्टर माईल (४०२ मीटर) आधी १४.० सेकंदात जायची. मग सुपरचार्जर जोरात फिरावा म्हणून त्याच्या बेल्टची लहान पुली लावली, बूस्ट म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब ८ वरून ११ पीएसआयच्या पुढं गेलं, आणि गाडी उलट हळू झाली. पहिला रन १४.२ आणि शेवटी स्पीड १०० मैल, वीस मिनिटांनी दुसरा मारला तर १४.५ आणि ९७ मैल. दोन्हीला पहिल्या साठ फुटांचा टाइम २.३८ च्या आसपास. अजून लहान पुली लावू का? आणि हौद्यात वाळूची पोती टाकली तर मागची चाकं धरतील का?

उत्तर : भावा, पहिलं म्हणजे अजून लहान पुली अजिबात घेऊ नकोस, खिशातलं पाकीट खिशातच राहू दे. तू जे आकडे लिहून पाठवलेस ना त्यातच सगळं उत्तर आहे, मला ते वाचून लई बरं वाटलं कारण निम्मे लोक नुसतं "गाडी ओढत नाही" एवढंच लिहितात.

टाइम स्लिप, म्हणजे रननंतर स्ट्रिपवर मिळणारा वेळांचा कागद, वाचायची कशी ते आधी बघ. शेवटचा स्पीड सांगतो इंजिनात ताकद किती, आणि साठ फुटांचा टाइम सांगतो ती ताकद रस्त्याला लागली किती. तुझी गाडी कंपनीतनं आली तेव्हा ३८० हॉर्सपॉवरची, वजन जवळजवळ २१०० किलो, आणि तशी कोरी गाडीसुद्धा १०० मैलाच्या म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपासच शेवट गाठते. म्हणजे पुली लावून वाढलेली ताकद पहिल्याच रनला कुठंतरी गायब झाली आणि दुसऱ्या रनला घरची पण गेली, तीन मैल खाली. हे उष्णतेचं काम आहे, दुसरं काही नाही.

तुझ्या गाडीवर ईटन कंपनीचा एम-११२ सुपरचार्जर आहे, रूट्स जातीचा. नावातला ११२ म्हणजे एका फेऱ्यात ११२ घन इंच, आपल्या भाषेत एक लिटर आठशे मिलीच्या आसपास हवा पुढं ढकलतो. नुसती ढकलतो बरं का, आतल्या आत दाबत नाही, दाब तयार होतो तो पुढं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला हवा वाटणाऱ्या नळ्यांत, हवा कोंबली गेल्यावर, म्हणून हा सुपरचार्जर जेवढा जोरात फिरवशील तेवढी हवा तापवतो आणि फिरायला लागणारी ताकद पण बेल्टमार्फत इंजिनाकडूनच घेतो. एका हद्दीनंतर तू हवेपेक्षा उष्णताच जास्त भरतोस. हवा तापली की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून इंजिनात ठोके, नॉकिंग आलं की कॉम्प्युटर टायमिंग मागं घेतो म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, टायमिंग मागं गेलं की तुझे ते तीन मैल गेले.

म्हणून सुरुवात इंटरकूलरपासून, म्हणजे कोंबलेली हवा गार करणाऱ्या भागापासून कर. तुझा इंटरकूलर पाण्याचा आहे, त्याला वेगळी टाकी आणि वेगळा इलेक्ट्रिक पंप. आधी पंप चालतोय का बघ, चावी ऑन करून हाताला कंपन लागतं. मग त्यातलं कूलंट, ह्यूस्टनला गोठायची भीती फारशी नसते तेव्हा कूलंट कमी आणि पाणी जास्त ठेव, पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडं, इंजिन बंद आणि पंप मात्र चालू, आणि सुपरचार्जरवर बर्फाच्या पिशव्या. तासभर थांब. वीस मिनिटांत परत लाइनीत उभारणं म्हणजे भट्टीतनं काढलेलं ओतकाम लगेच हातात धरण्यासारखं आहे.

आता महत्त्वाचं, तू ट्यून केलंस का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललीस का, ते लिहिलंच नाहीस. बूस्ट ८ वरून ११ च्या वर नेलंस तर पेट्रोल आणि टायमिंगचा हिशेब नव्यानं मांडायलाच लागतो. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ च्या आसपास पाहिजे, आणि ते एक्झॉस्टवरून मोजणारं वाइडबँड मीटर लावूनच बघायचं, अंदाजानं नाही. पेट्रोल ९३ ऑक्टेनचं घाल. इथं वाचणाऱ्यांसाठी सांगतो, अमेरिकेतला ९३ आणि आपला ९३ एक नव्हे, त्यांची मोजायची पद्धत वेगळी, तिथला ९३ आपल्या पद्धतीनं ९८ च्या जवळ जातो.

प्लग काढून बघ एकदा, इंजिन पूर्ण गार असताना. उजेडात धर आणि भिंग घे. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चांदीसारखे चमकणारे कण दिसले तर नॉकिंग होऊन पिस्टन झिजायला लागलाय, त्या दिवसापासून गाडी स्ट्रिपवर न्यायची नाही. ठिपके नसतील तर एक नंबर थंड प्लग, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, टाक आणि गॅप ०.०३५ इंच ठेव, जास्त दाबाखाली मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते. आणि हे मी काळजीनं सांगतोय, या इंजिनाच्या हेडमध्ये प्लगला आटे फार थोडे असतात, प्लग उडून बाहेर आल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळं टॉर्क रेंच लावूनच घट्ट करायचे, हाताच्या अंदाजावर सोडायचे नाहीत.

बेल्ट पण बघ. पुली लहान झाली की बेल्टला धरायला जागा कमी मिळते, मग वरच्या आरपीएमला तो घसरतो आणि नेमकं शेवटी बूस्ट पडतं. माझ्याकडं उद्यमनगरात एका जनरेटरच्या इंजिनावर हेच झालेलं, दोन दिवस आम्ही पंप खोलून बसलो आणि शेवटी पुलीच्या खाचेत बोट फिरवलं तर बोटाला काजळीसारखा काळा चुरा, बेल्ट झिजून पडलेला. तुझ्या पुलीच्या खाली आणि कव्हरवर तसा चुरा आहे का तेवढं बोट फिरवून बघ.

आता साठ फूट. २.३८ हा टाइम अशा गाडीला शोभत नाही, आणि खरी कमाई इथंच आहे. सुरुवातीचा एक दशांश सेकंद वाचला की शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात असा सगळीकडचा अनुभव आहे, म्हणजे तू २.३८ चे २.०० केलेस तर बाकी कशाला हात न लावता तेराच्या मध्यावर यायला हरकत नाही. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर ओल्या रानातनं बाहेर काढताना बघितलायस का, पोरगं बसलं की एकदम रेस देतं आणि चाक जागेवर खड्डा करतं, म्हातारा ड्रायव्हर बसला की क्लच सोडतो हळू, चाकाला माती धरू देतो, आणि तोच ट्रॅक्टर तेवढ्याच उसासकट निघतो.

तर टायर आधी. रस्त्याचं टायर काढून मागं ड्रॅग रेडियल, म्हणजे स्ट्रिपवर जास्त धरणारं मऊ टायर, घाल, हवा २० पीएसआयला सुरू कर आणि एकेक पीएसआय कमी करत टाइम लिहून ठेव, आकडा सुधारायचा थांबला की तिथंच थांब. बर्नआउटच्या जागी, म्हणजे टायर जागेवर फिरवून तापवतात तिथं, पाणी साठवलेलं असतं ना, तू अजून रस्त्याच्या टायरवर असशील तर त्या पाण्यातनं जाऊच नको, बाजूनं जा, नक्षीच्या खाचांत पाणी राहतं आणि लाइनीवर जाऊन तेच टायरखाली येतं.

दुसरं, तुझ्या मागच्या ॲक्सलला पाटे आहेत. जोर बसला की पाटा इंग्रजी एस सारखा पिळतो, ॲक्सल उलटा फिरायला बघतो, सुटतो, परत पिळतो, आणि मागनं धाडधाड उड्या मारल्यासारखं वाटतं. ते वाटत असेल तर ॲक्सलला पिळू न देणारी दांडी, म्हणजे ट्रॅक्शन बार बसव, या एका कामाला पैसे घालायला मी आनंदानं हो म्हणेन. सोडताना ब्रेक दाबून १५०० आरपीएमपर्यंतच ने, सोड, आणि पाय एका दमात न दाबता मोजून एका सेकंदात पूर्ण खाली ने. रिॲक्शन टाइम या १४.२ मध्ये धरत नाहीत, घड्याळ गाडी हलल्यावरच सुरू होतं, त्यामुळं हिरव्या दिव्याची घाई नको, दिवा लागल्यावर श्वास घे आणि मग सोड. सराव करताना असंच करायचं.

वाळूची पोती, नाही. सुटं वजन स्ट्रिपवर चालत नाही, वजन ठेवायचं असेल तर बोल्टनं पक्कं बांधायला लागतं, आणि बरोबरच आहे ते, १६० च्या स्पीडला ब्रेक मारल्यावर पोतं केबिनकडं येतं. शिवाय ५० किलो म्हणजे अंदाजे एक दशांश सेकंद जातोच. त्यापेक्षा टाकी पाव ठेव, स्टेपनी आणि हौद्यातली हत्यारं घरी ठेव.

आणि १३.९९ किंवा त्याच्या खाली आलास की एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमानं हेल्मेट सक्तीचं आहे. तू आत्ताच घे, आजच्या १४.२ ला पण घाल. नवीन स्लिप आली की फोटो पाठव, मी वाट बघतोय.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा, मित्रांबरोबर रात्री हायवेवर पिकअपची शर्यत लावतो असं कानावर आलंय. ऐकत नाही. काय करू? (एक आई, कागल)

उत्तर : काकू, त्याला माझं नाव सांगून हे वाचायला द्या. बाळा, परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मला दंडाचं पडलेलं नाही. स्ट्रिपवर ४०२ मीटर संपल्यावर थांबायला भरपूर मोकळा रस्ता ठेवलेला असतो, समोरनं कोण येत नाही, ॲम्ब्युलन्स उभी असते. हायवेवर रात्री उसाची बैलगाडी लाइट नसताना जाते, दिसते तेव्हा ती बॉनेटपाशी असते. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर क्वार्टर माईलच्या रीतसर स्पर्धा झालेल्या आहेत, तशा ठिकाणी नाव नोंदव, गाडी तयार करायला माझ्याकडं ये, मजुरी घेणार नाही.

प्रश्न : भाजीच्या डिझेल पिकअपला सुपरचार्जर बसवला तर आंबोली घाटात चांगली चढेल का? (गडहिंग्लज)

उत्तर : दादा, तुमच्या पिकअपला बहुतेक टर्बो असणार, तो एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, त्यावर सुपरचार्जर म्हणजे खर्च आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं म्हणजे गाडीत बदल केल्याचं लफडं, आरसी जुळणार नाही. ओढ कमी झाली असेल तर इंजिन सुरू करून इंटरकूलरच्या रबरी पाइपांवर साबणाचं पाणी मारा, दुसऱ्याला थोडी रेस द्यायला सांगा, जिथं बुडबुडे येतील तिथं हवा सुटतेय. क्लिप बदला, एअर फिल्टर बदला, क्लच घसरतोय का तो चढावर तिसऱ्या गिअरला बघा, आरपीएम वाढतोय आणि स्पीड वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेट गेली. हे तिन्ही करून पण चढत नसेल तर गाडी घेऊन या, मंगळवार सोडून कधीही.