चार बिले आणि उरलेले दोन महिने

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा भागीदारीतला कारखाना आहे. दलालामार्फत सुरतच्या एका व्यापाऱ्याला आम्ही चार खेपांत 11 लाख 40 हजार रुपयांचा माल दिला. पहिल्या खेपेला दोन वर्षे दहा महिने झाले, शेवटच्या खेपेला दोन वर्षे चार महिने. लेखी करार नाही. सगळे फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ठरले. इतके दिवस ‘दिवाळीनंतर पाठवतो’ असे लिहिणारा व्यापारी आता टॉवेलचा रंग जातो म्हणतो. संबंध बिघडवू नका, असे दलालाचे सांगणे आहे. बिलावर ‘न्यायक्षेत्र सोलापूर’ असे छापलेले आहे. तेवढ्यावर इथे दावा चालेल का?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : आपण न्यायक्षेत्राविषयी विचारले आहे, पण मला आधी मुदतीची काळजी वाटते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षांची असून ती प्रत्येक बिलाला स्वतंत्रपणे लागू होते. उधारीचे दिवस लेखी ठरलेले नसल्याने माल पोहोचल्याच्या तारखेपासूनच मोजणे सुरक्षित. म्हणजे आपल्या पहिल्या बिलाला दोनच महिने उरले आहेत. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. ‘दिवाळीनंतर पाठवतो’ हा संदेश त्या दृष्टीने मोलाचा आहे; मात्र त्याला सही मानायचे का, यावर समोरचा वकील वाद घालेल. म्हणून चारही बिलांचा खातेउतारा पाठवून त्यावर व्यापाऱ्याची सही आणि शिक्का ताबडतोब मागवावा. तो आठ दिवसांत आला नाही, तर थांबू नये.

आपण उत्पादक आहात, ही जमेची बाजू आहे. कारखाना सूक्ष्म किंवा लघु गटात असेल आणि माल देण्यापूर्वीच त्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाखाली सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा उद्योगांच्या थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. लेखी करार असला तरी खरेदीदाराला 45 दिवसांपेक्षा अधिक उधारी मिळत नाही. करार नसेल तर 15 दिवसच. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देण्यासाठी खरेदीदाराला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. पुरवठादार जिथे आहे तिथली परिषद खरेदीदार देशात कुठेही असला तरी प्रकरण ऐकू शकते, त्यामुळे या मार्गात न्यायक्षेत्राचा प्रश्न मिटतो. परिषदेपुढील लवादालाही मुदतीचा कायदा लागू आहे, हे मात्र विसरू नये.

दिवाणी मार्गाने गेल्यास, रक्कम तीन लाखांहून अधिक असल्यामुळे हा वाणिज्यिक दावा ठरेल आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरला जात नाही. बिलावर आपणच छापलेल्या ओळीवर एकट्याने भिस्त ठेवू नये, कारण ती खरेदीदाराने मान्य केली होती हे दाखवावे लागते. पैसे सोलापुरात द्यायचे ठरले होते, माल इथून रवाना झाला, याचे कागद अधिक उपयोगी पडतील. भागीदारी संस्थेची निबंधकांकडे नोंदणी नसेल तर ती दाव्यापूर्वी करावी, अन्यथा असा दावा चालत नाही.

रंगाच्या तक्रारीबाबत घाबरण्याचे कारण मला दिसत नाही. वर सांगितलेल्या अधिनियमानुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. तरीही खरेदीदार दोषापोटी किंमत कमी करून मागू शकतो, म्हणून त्या लॉटचे नमुने आणि रंगणीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. संदेश असलेला फोनही विकू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या संदेशांसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागेल.

दलालाशी मात्र वाकडे घेऊ नका. सौदा ठरताना तो मध्ये होता, त्यामुळे भाव आणि उधारीचे दिवस यांवर साक्ष त्याचीच लागेल. त्याने सौदाचिठ्ठी दिली असेल तर ती आजच शोधून वकिलाकडे द्या.