'झेड-स्कोअर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न दोन आहेत. 'झेड-स्कोअर'ला मराठी शब्द कोणता, आणि 'झेड 2 ची संभाव्यता 0.9772' हे वाक्य बरोबर आहे का?

मी 'प्रमाणांक' सुचवेन. 'प्रमाण विचलन' (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) हा शब्द संख्याशास्त्रात रुळलेला आहेच. त्यातला 'प्रमाण' हा 'प्रमाणवेळ', 'प्रमाणभाषा' यांतला, म्हणजे ठरवून घेतलेलं माप. 'मिठाचं प्रमाण' म्हणतो तो अर्थ इथे नाही, म्हणून पहिल्या उल्लेखात 'प्रमाणांक, म्हणजे झेड-स्कोअर' असं एकदा लिहून टाकावं. 'झेड-गुण' मात्र नको. गुण म्हटलं की परीक्षेतले मार्क डोळ्यांसमोर येतात आणि उणे गुण म्हणजे मार्क कापले असं वाटतं. हा आकडा अंतर सांगतो: सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर, आणि कोणत्या बाजूला.

दुसरं वाक्य चूक आहे. वेक्सलरच्या चाचण्यांत बुद्ध्यांकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 ठेवलेलं असतं. बुद्ध्यांक 130 असेल तर 130 वजा 100 म्हणजे 30, भागिले 15, प्रमाणांक 2. बुद्ध्यांकाचं वितरण प्रसामान्य, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारखं उतरणाऱ्या घंटेच्या आकाराचं, धरतात. त्याच्या तक्त्यात 2.00 समोर 0.9772 सापडतं, पण ते त्या वक्राखालचं डावीकडचं सगळं क्षेत्रफळ. म्हणून लिहायचं ते असं: 'बुद्ध्यांक 130 पेक्षा कमी असण्याची संभाव्यता 0.9772'. 'पेक्षा कमी' गाळलं की अर्थच जातो, कारण सलग मोजमापात नेमक्या एका बिंदूची संभाव्यता शून्य असते. 130 च्या वरची हवी असेल तर 1 मधून वजा करा: 0.0228, सव्वादोन टक्क्यांच्या किंचित वर. काही तक्त्यांत 2.00 समोर 0.4772 दिसेल, तिथे मोजणी सरासरीपासून सुरू होते. डावीकडचं पूर्ण क्षेत्रफळ हवं तर त्यात 0.5 मिळवायचे.

जाता जाता, 'नॉर्मल डिस्ट्रिब्युशन'साठी 'सामान्य वितरण' न लिहिता 'प्रसामान्य वितरण' लिहा, असा माझा आग्रह आहे. 'सामान्य' म्हटलं की बाकीची वितरणं असामान्य ठरतात. 'स्टँडर्ड डेव्हिएशन' हे नाव देणाऱ्या कार्ल पिअर्सन यांनी 'नॉर्मल'बद्दल 1920 मध्ये हीच अडचण मांडली होती. लोकांच्या उत्पन्नाचंच पाहा. त्याचं वितरण उजवीकडे लांबवर पसरतं आणि त्यात असामान्य काही नाही. तिथेही प्रमाणांक काढता येतो, पण त्यावरून या तक्त्यातली संभाव्यता लिहिता येत नाही.