गोधडी निघाली ह्यूस्टनला

प्रश्न : ताई नमस्कार, मी सिंहगड रोडला राहते, वय 63. मुलगा-सून अमेरिकेत ह्यूस्टनजवळ असतात, ऑक्टोबरात मी तिकडे चाललेय आणि सून मला तिथलं मोठं क्विल्ट फेस्टिव्हल (क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी) दाखवणार आहे. आईनं नऊवारी लुगड्यांची शिवलेली एक गोधडी माझ्याकडे आहे, ती नातीला द्यायचीये. पण घरचे म्हणतात एवढं जुनेर कशाला वाहून नेतेस, तिकडे हवी तसली रजई मिळते. आणि बॅग भरायची म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. काय करू?

उत्तर : न्याच. आणि घरच्यांना एक गोष्ट सांगा. तुम्ही चाललाय त्याच ह्यूस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये 2002 साली जीज बेंडच्या क्विल्टचं प्रदर्शन लागलं होतं. जीज बेंड म्हणजे अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातलं, नदीच्या वळणातलं एक छोटं गाव, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी घरात पांघरायला म्हणून शिवलेल्या त्या गोधड्या, शेतात घालून घालून विटलेल्या पँटी, शर्ट, जुने झगे, जे हाताला लागलं ते जोडून केलेल्या. त्या म्युझियमच्या भिंतीवर लागल्या, तिथून न्यूयॉर्कला गेल्या आणि 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. तेही जुनेरच होतं की! तुमच्या आईनं दुपारची कामं आवरून जमिनीवर लुगडी अंथरून, कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवून धावदोरा घातला असेल, तो त्याच जातीचा आहे आणि नातीला ते कळायला हवं.

आता नेण्याचं बघू. गोधडी मोठ्या बॅगेत टाकू नका, जवळ ठेवा, कारण बॅग हरवली तर साड्या परत घेता येतील, ही नाही. सुती गोधडी दोन-तीन किलो सहज भरते आणि केबिन बॅगला बऱ्याच ठिकाणी सातच किलो चालतात, तेव्हा त्या बॅगेत गोधडी, औषधं, पासपोर्ट, चष्मा, पॉवरबँक (तो मोठ्या बॅगेत चालतच नाही) आणि एक ड्रेस, बास. विमानात गारठा असतो, तिथं तीच अंगावर घ्या की. नेण्याआधी सावलीत वारं द्या, कपाटात कडुलिंबाचा पाला घालून ठेवली असेल तर नीट झटका, झाडपाला आणि बिया तिकडे चालत नाहीत, आणि खायचं जे काही नेताय ते एअरपोर्टवर कस्टमवाल्यांना सरळ सांगून टाकायचं, लपवायचं नाही. वर्षानुवर्षं ज्या घडीवर ठेवलीये त्याच घडीवर पुन्हा घालू नका, कापड तिथंच विरतं. जुन्या मऊ सुती चादरीत घेऊन सैलसर गुंडाळी करा. हवा काढायच्या त्या प्लास्टिक पिशव्या मला जुन्या गोधडीसाठी बिलकुल पटत नाहीत, जागा वाचते पण वजन तेवढंच राहतं आणि चुण्या पक्क्या बसतात.

मोठ्या बॅगांचं म्हणाल तर अमेरिकेला बऱ्याच तिकिटांवर 23 किलोच्या दोन मिळतात, स्वस्त तिकिटावर एकच असते, तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा. घरात वजनकाटा असेल तर आधी नुसतं उभं राहा, मग बॅग घेऊन, वजाबाकी करा. आणि माझं कळकळीचं सांगणं, दुसरी बॅग जाताना अर्धी रिकामी न्या, लक्ष्मी रोडवरनं सगळ्यांसाठी काहीबाही घेऊन भरून टाकू नका, कारण शोमध्ये नुसती क्विल्ट नसतात, कापडाचे, दोऱ्यांचे ढीगभर स्टॉल असतात. तिथं फॅट क्वार्टर म्हणून 18 बाय 22 इंचाचे तुकडे मिळतात, दिसायला एवढेसे, पण वीस-पंचवीस घेतले की बॅग जड होते. कात्री किंवा गोल पात्याचा कटर घेतलात तर येताना मोठ्या बॅगेत, केबिनमध्ये अजिबात नाही.

शोचं ठिकाण म्हणजे जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटर, अवाढव्य आहे, चालून चालून पाय बोलायला लागतात. नवी चप्पल न्यायची नाही, रोज फिरायला जाता तेच बूट. ऑक्टोबरात बाहेर उकडतं आणि आत एसी जोरात, तेव्हा पातळ शाल हवीच. क्विल्टला हात लावायचा नसतो. आपला हात आपोआप पुढं जातो, मलाही ते जड जातं, पण शेकडो लोकांनी एकेक बोट लावलं तर कापड मळणारच ना. पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, त्यांना म्हणायचं मागची बाजू दाखवा, ते अलगद कोपरा उचलून दाखवतात. ते नक्की विचारा, खरा टाका मागूनच कळतो. आणि आधी लांबून बघा मग जवळ जा, लांबून रंग दिसतात, जवळून शिवणारीचा हात.

प्रश्न : मी बिबवेवाडीत राहते, दोन मुलं, 11 आणि 8 वर्षांची. आम्ही तिघी मैत्रिणी ट्रेननं चेन्नईला क्विल्टचं प्रदर्शन बघायला चाललोय, चार दिवस. त्याच वेळी नवरा मुलांना घेऊन साताऱ्याला सासरी जाणार. तिघांच्या बॅगा मीच भरायच्या आणि माझी शेवटी रात्री बारा वाजता, दर वेळी हेच. वैताग आलाय.

उत्तर : वैताग येणारच गं. चौघांच्या बॅगा भरायच्या म्हणजे चौघांचे चार दिवस आधी डोक्यात जगायचे, कुणाला कुठला टॉवेल, कुणाचं औषध, कुणाची आवडती चड्डी, आणि हे काम कुणाला दिसतही नाही. या वेळी तुझी बॅग पहिली भर, निघायच्या दोन दिवस आधी, आणि बंद करून दाराशी ठेव. मुलं एवढी मोठी आहेत की आपापले कपडे काढून पलंगावर मांडू शकतात, नवऱ्यानं बघून भरावेत, आणि तू त्या खोलीत जायचं नाही. एखादा स्वेटर राहील, राहू दे, साताऱ्याला आजीचं घर आहे, तिथं पांघरायला वाकळही मिळेल.

तुझ्या बॅगेत सुती कपडे, चेन्नई दमट आहे. थ्री टियर एसीला 40 किलो सामान फुकट नेता येतं पण ते सीटखाली कोंबायचं आणि स्टेशनवर उचलायचं आपल्यालाच, म्हणून एक बॅग आणि एक रिकामी कापडी पिशवी पुरे. वही-पेन्सिल घे, फोटोत रंग दिसतो पण टाका किती जवळ घातलाय ते उतरत नाही, ते तिथंच लिहून काढायचं.

प्रश्न : माझी आजी 82 वर्षांची आहे, कसबा पेठेत आम्ही एकत्र राहतो. ती अजून गोधड्या शिवते. बहीण म्हणते प्रदर्शनात क्विल्टच्या मागं नावाची पट्टी असते, आपणही लावूया. आजी म्हणते, गोधडीवर कुणी नाव घालतं का. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : लाव रे, लगेच लाव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, तेही घरच्या पुरुषाचं किंवा भेट देणाऱ्याचं, आणि महिनाभर मान मोडून जी बाई शिवते तिचं कुठंच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, कडेपासून आत आत टाका घालत मध्यावर येतात आणि कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली म्हणत नाहीत. तसंच नावाचं धर, गोधडीचं शेवटचं काम म्हणजे नाव. आजीला सांग हे मिरवायला नाही, पुढं तुझ्या पतवंडांना कळावं म्हणून.

वीतभर पांढरं सुती कापड घे, आधी धुऊन घे म्हणजे नंतर आटणार नाही. त्यावर आजीचं नाव (लग्नाआधीचंही), गाव, साल आणि आत कुणाकुणाचे कपडे आहेत ते. हे शेवटचं फक्त आजीला माहितीये, तेव्हा गोधडी पसरून तिच्याशेजारी बस, ती बोट ठेवून सांगेल, हा तुझ्या काकांचा शर्ट, हे माझ्या सासूबाईंचं लुगडं, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव. पट्टी मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, कडा आत दुमडून हातानं शिवायची, मशीन नको, आजी म्हणाली तर तिलाच घालू दे टाके. कापडावर लिहायचं पेन मिळतं, पण ते आधी एखाद्या चिंधीवर लिहून, वाळवून, दोनदा साबणानं धुऊन बघ, शाई पसरली तर सरळ दोऱ्यानं अक्षरं भर.